राबडेन्त्सेचे अवशेष पाहायला जाताना : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सिक्कीमला जाऊन आलेल्या मंडळींना राबडेन्त्से, म्हणजे तिथली जुनी राजधानी, कसे वाटले असे विचारले, तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते : "तिथे काही नाही, नुसते दगड आहेत." असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला ती जागा दिवसाच्या शेवटी, सात ठिकाणे पाहून झाल्यावर, ड्रायव्हरने दिलेल्या अर्ध्या तासात आणि ढगांनी डोंगर झाकलेले असताना दाखवलेली असते. माझी पहिली भेटही अशीच वाया गेली. डिसेंबरात दुपारी पावणेचारला मी फाटकाशी पोहोचलो, जंगलातून धावतपळत वर गेलो आणि अवशेषांपाशी पोहोचेपर्यंत उजेड इतका मंदावला होता की भिंत कोणती आणि नुसता दगडांचा ढीग कोणता हेही धड कळेना. त्यानंतर दोनदा पुन्हा गेलो, तेव्हा लक्षात आले की जागेत काहीच कमी नव्हते, चूक पाहण्याच्या वेळेची आणि क्रमाची होती. तीच चूक अनेकजण करताना दिसतात, म्हणून हा लेख.

पार्श्वभूमी गरजेपुरतीच सांगतो, कारण पुढचा क्रम तिच्यावर बेतलेला आहे. १६४२ साली युक्सोम येथे फुंत्सोग नामग्याल यांना सिक्कीमचे पहिले छोग्याल, म्हणजे धर्मराजा, म्हणून अभिषेक झाला. त्यांचे पुत्र तेनसुंग नामग्याल यांनी १६७० मध्ये राजधानी युक्सोमहून राबडेन्त्सेला आणली. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुरख्यांच्या आक्रमणात ती उद्ध्वस्त झाली आणि १८१४ मध्ये राजधानी तुमलोंगला गेली. आज हे अवशेष भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असून पश्चिम सिक्कीममधील पेलिंगजवळ एका रानदार डोंगरसोंडेवर आहेत.

टप्पा १ : महिना आणि मुक्काम ठरवणे

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरचा मध्य हा काळ सर्वांत चांगला, कारण पाऊस ओसरल्यावर हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते आणि कांचनजंगा सकाळी बहुधा उघडी असते. मार्च ते मे हा दुसरा पर्याय. तेव्हा थंडी कमी असते आणि गुरांस (रोडोडेंड्रॉन) फुललेला असतो, पण हवेत धुरकटपणा असल्यामुळे दूरचे शिखर फिके दिसते. जून ते सप्टेंबर मी कोणालाच सुचवणार नाही. वाटेवर शेवाळ, झुडपांवर जळवा, डोंगरावर दिवसभर धुके आणि खालच्या रस्त्यावर दरडी, अशी चारही बाजूंनी अडचण असते.

आपल्याकडची मंडळी सहसा मुलांच्या सुट्टीमुळे मे महिना किंवा दिवाळी निवडतात. दोन्हींपैकी निवड करता येत असेल तर दिवाळीची सुट्टी घ्यावी.

पेलिंगमध्ये किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवा. ही अट मी आग्रहाने मांडतो, कारण राबडेन्त्सेसाठी एक सकाळ लागते आणि ती सकाळ धुक्यात गेली तर दुसरी हाताशी असावी लागते. सहलीच्या ठराविक कार्यक्रमात पेलिंगला एकच रात्र असते. संध्याकाळी पोहोचायचे, सकाळी 'सातठिकाणी' फेरी मारायची आणि दुपारी निघायचे. ठरवतानाच हा कार्यक्रम बदलून घ्यावा, तिथे गेल्यावर तो बदलता येत नाही.

*सावधान :* गंगटोकहून एका दिवसात राबडेन्त्से पाहून परत येण्याचा बेत करू नका. घाटरस्त्याने एका बाजूलाच पाच तास किंवा अधिक लागतात. गाडीतच दिवस संपतो आणि अवशेषांसाठी उरतो तो पुन्हा तोच अर्धा तास.

टप्पा २ : कागदपत्रे

भारतीय नागरिकांना पेलिंग किंवा राबडेन्त्सेसाठी वेगळा परवाना लागत नाही. नथुला, त्सोम्गो तलाव किंवा उत्तर सिक्कीमसाठी जो परवाना काढावा लागतो, त्याची गल्लत इथे करू नये. तरीही प्रत्येकाजवळ छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र असावे, कारण राज्याच्या सीमेवरील नाक्यावर आणि हॉटेलात ते मागतात. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

परदेशात स्थायिक झालेल्या आणि तिथले नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांना बरोबर नेणार असाल, तर गोष्ट वेगळी आहे. परदेशी पासपोर्टवर सिक्कीममध्ये शिरण्यासाठी परवाना लागतो आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी ही अट सुटत नाही. अमेरिकेहून आलेला पुतण्या किंवा भाची मराठी बोलते, कार्डही आहे, म्हणून कोणी विचारणार नाही, असे समजून जाणाऱ्या कुटुंबांचा अर्धा दिवस नाक्यावर जातो. परवान्याचे काम निघण्यापूर्वीच पूर्ण करावे आणि पासपोर्टच्या, व्हिसाच्या किंवा कार्डाच्या प्रती व फोटो बरोबर ठेवावेत.

टप्पा ३ : पेलिंगला पोहोचणे

महाराष्ट्रातून जाताना विमानाने बागडोगरा किंवा रेल्वेने न्यू जलपाईगुडी गाठावे. कोलकात्यामार्गे जाणाऱ्यांना सियालदहहून रात्रीच्या गाडीने सकाळी न्यू जलपाईगुडीला उतरता येते, आणि पुढच्या घाटरस्त्यासाठी पूर्ण दिवस हाती राहतो. तिथून सेवोक, मेल्ली, जोरेथांग, लेगशिप, गेझिंग आणि मग पेलिंग असा रस्ता आहे. पाच ते सहा तास धरावेत. गंगटोकला जाऊन मग पेलिंगला वळणे, हा वळसा नकाशावर छोटा वाटला तरी घाटात पूर्ण दिवस खातो. गंगटोक पाहायचेच असेल तर आधी पेलिंग आणि नंतर गंगटोक असा क्रम लावा.

शेअर जीपने जाणार असाल तर सिलीगुडीहून सकाळीच निघा. दुपारनंतर पश्चिम सिक्कीमच्या जीप कमी होत जातात आणि जोरेथांगला अडकून पडण्याची वेळ येते. पेलिंगची थेट जीप मिळाली नाही तर गेझिंगची घ्यावी. गेझिंगहून पेलिंगचा चढ थोडाच आहे, आणि राबडेन्त्सेचे फाटक याच रस्त्यावर लागते. ते जाताना पाहून ठेवा.

भाड्याच्या गाडीबाबत एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. पश्चिम बंगालच्या नोंदणीची टॅक्सी तुम्हाला पेलिंगच्या हॉटेलपर्यंत सोडते, पण तिथल्या स्थानिक फेरीसाठी सिक्कीमच्या नोंदणीची गाडी धरावी लागते. "चार दिवस गाडी तुमच्याचकडे" असे आश्वासन घेऊन गेलेले लोक तिथे दुसऱ्यांदा पैसे मोजतात.

*तपासा :* ऑक्टोबर २०२३ मधील तिस्तेच्या पुरानंतर सेवोक ते मेल्ली हा नदीकाठचा महामार्ग दरडींमुळे वारंवार बंद पडत आला आहे. निघण्याच्या आदल्या रात्री हॉटेलवाल्याला फोन करून रस्त्याची स्थिती विचारावी आणि परतीच्या विमानाच्या दिवशीच पेलिंगहून निघण्याचा बेत टाळावा. शेवटची रात्र सिलीगुडीला काढणे शहाणपणाचे.

टप्पा ४ : आदल्या संध्याकाळची तयारी

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून इथे थोडे थांबतो.

पहिले काम सूर्याचे वेळापत्रक समजून घेणे. पेलिंग मुंबईच्या सुमारे १५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे घड्याळ तेच असले तरी तिथला सूर्य जवळजवळ एक तास पुढे चालतो. त्यात हिवाळ्यात उत्तरेकडचा दिवस आणखी आखूड होतो. परिणामी डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळत असताना पेलिंगमध्ये पाच वाजायच्या आतच तो डोंगराआड गेलेला असतो. आपल्या अंगवळणी पडलेली 'चार वाजता चहा घेऊन निघू' ही सवय तिथे कामाची नाही. मेमध्ये उलट प्रकार असतो. पावणेपाचलाच उजाडते आणि आपण सातला उठेपर्यंत दिवसाचा सर्वांत स्वच्छ भाग संपत आलेला असतो. माझी पहिली भेट वाया गेली ती नेमकी याच कारणाने, आणि दुपारी चारला त्या फाटकाशी उतरणाऱ्या मराठी कुटुंबांना पाहिले की मला आजही वाईट वाटते.

दुसरे काम गाडीवाल्याशी बोलणे. तो जी फेरी सुचवेल तिच्यात धबधबे, खेचेओपालरी तलाव, झुलता पूल, पेमयांग्त्से मठ आणि शेवटी राबडेन्त्से असा क्रम असेल. त्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे, कारण लांबची ठिकाणे आधी उरकून तो हॉटेलजवळ परत येतो. तुम्ही मात्र स्पष्ट सांगा की सकाळी आधी राबडेन्त्से, तिथे किमान अडीच तास, त्यानंतर पेमयांग्त्से आणि बाकीचे नंतर. 'वेटिंग'चे पैसे आधी ठरवून घ्या. त्याहून उत्तम म्हणजे गाडी फक्त सोडण्यापुरती घ्यावी. वरच्या पेलिंगपासून फाटक अडीच-तीन किलोमीटरवर आहे आणि रस्ता बराचसा उताराचा आहे. पाय धड असलेल्या माणसाला तो सकाळी सहज चालत जाता येतो, आणि चालत गेलेल्या माणसाच्या मागे हॉर्न वाजवणारे कोणी नसते.

तिसरे काम पिशवी भरणे. पाण्याची बाटली घरची, स्टीलची असावी. सिक्कीममध्ये १ जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी आहे, त्यामुळे वाटेत विकत घेऊ असे म्हणू नका. सुका खाऊ, वाऱ्यासाठी एक जाकीट, टोपी, तिकिटासाठी सुटे पैसे आणि स्वतःचा कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी एवढे पुरे. बुटांचे तळ मात्र खाचांचे हवेत. वाट दगडी आहे आणि कोरड्या महिन्यांतही सकाळच्या दवाने ओली असते, त्यामुळे गुळगुळीत तळाच्या बुटांनी किंवा चपलांनी माणूस हमखास घसरतो. पावसाळ्यात जावेच लागले तर पायमोज्यांत खडे मीठ चोळावे. जळू चिकटली तर ओढून काढू नये, मीठ लावले की ती आपणहून सुटते.

टप्पा ५ : फाटक आणि जंगलवाट

फाटक पेलिंग-गेझिंग रस्त्याच्या कडेला आहे. आता तिथेच सिदकेओंग तुल्कू पक्षी उद्यान उभे राहिले असल्याने प्रवेश त्याच आवारातून होतो. इथे पुष्कळजण फसतात. पिंजऱ्यांतले पक्षी पाहायचे, फोटो काढायचे आणि 'हेच ते' असे समजून परत फिरायचे. अवशेष तिथून पुढे, जंगलातून वीस मिनिटे ते अर्धा तास चालल्यावर लागतात. उद्यान पाहायचेच असेल तर परतताना पाहा. सकाळचा उजेड पिंजऱ्यांपाशी खर्चू नये. उद्यान उघडण्याची वेळ मोसमाप्रमाणे हॉटेलात विचारून घ्या आणि फाटक उघडताच आत जाता येईल अशा बेताने निघा.

वाट चेस्टनटच्या जुन्या झाडांमधून जाते. आधी थोडी सपाट, मग चढणीची, आणि मध्ये फरसबंदी. शरदात या झाडांची काटेरी कवचे वाटभर पडलेली असतात. एक उचलून पाहाल तर बोटाला टोचेल इतकी ती धारदार असतात, म्हणून लहान मुलांना उघड्या सँडलमध्ये नेऊ नका. खोडांवर हातभर लांबीचे नेचे वाढलेले असतात आणि सकाळी त्यांच्या टोकांवरून थेंब गळत असतो. पाऊस नसतानाही टपटप ऐकू येते ती याचीच.

पेलिंगची उंची सुमारे २,१५० मीटर आहे. या उंचीवर विरळ हवेचा आजार होण्याची भीती नसते, पण समुद्रसपाटीवरून आदल्याच दिवशी आलेल्या माणसाला चढावर धाप लागते. दर पाच मिनिटांनी थांबत जावे. गुडघेदुखी असलेल्यांना काठी द्यावी. अजिबात चढवणार नसेल अशा ज्येष्ठांना फाटकाशी बसवून ठेवण्यापेक्षा थेट पेमयांग्त्सेला पाठवावे, तिथे बरेच अंतर गाडी जाते.

*तपासा :* वाटेत फाटे दिसले तर रुळलेली दगडी वाटच धरा. पक्षी उद्यानाच्या पायवाटा वेगळ्या आहेत. दहा मिनिटांत चढ सुरू झाला नाही तर तुम्ही चुकीच्या वाटेवर आहात.

टप्पा ६ : अवशेष कोणत्या क्रमाने पाहावेत

सह्याद्रीतल्या गडांवर फिरलेल्या माणसाला इथे एक मोठा फायदा आहे. गडावर वाड्यांची जोती पाहून आपण इथे सदर असेल, इथे कोठार, इथे देवघर, असे मनात उभे करत जातो. राबडेन्त्सेतही नेमके तेच करायचे आहे, कारण छप्पर कुठेच उरलेले नाही आणि रचीव दगडांच्या भिंती जोत्याच्या किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीच्या आहेत. पुरातत्त्व खात्याने त्या डागडुजी करून सावरल्या आहेत आणि मधली मोकळी जागा हिरवळीने झाकलेली आहे. नुसती नजर फिरवली तर बाग वाटते. त्यामुळे इथे दीडशे फोटो काढण्यापेक्षा क्रमाने चालणे महत्त्वाचे. मी जो क्रम सांगतो, तो राजाकडे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या साध्या माणसाचा आहे.

(अ) नामफोगांग. मुख्य वाड्याच्या अलीकडे उभ्या दगडांची ही जागा लागते. इथे न्यायाधीश अंतिम निवाडा सांगत, अशी तिची ओळख आहे. बहुतेक लोक हिला विसाव्याचा कट्टा समजून तिच्यावर पिशव्या ठेवतात आणि पुढे जातात. इथे थांबा, दगडांच्या पुढे उभे राहा आणि वाडा अजून दिसत नाही हे लक्षात घ्या. निवाडा राजाच्या दारात नव्हे, दाराच्या अलीकडे होत असे, ही गोष्ट फक्त इथे उभे राहूनच कळते.

(आ) ताफाप छोर्तेन. छोर्तेन म्हणजे स्तूप. बाहेरून आलेल्याने इथे घोड्यावरून उतरायचे, डोक्यावरची टोपी काढायची आणि पुढे पायी जायचे. आपल्या वाड्यांत देवडीशी जोडे काढत, तसाच हा उंबरठा आहे. इथपासून आवाज कमी करावा. मोबाइलवरची गाणी वाजवत वर जाणारे गट सकाळीही भेटतात आणि त्यांच्यामुळे पूर्ण सोंडेवरची शांतता मोडते. छोर्तेन नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, म्हणजे आपली प्रदक्षिणेची जी दिशा तीच.

(इ) दक्षिणेकडचा भाग, म्हणजे सदर. पायवाट तुम्हाला कोणत्याही बाजूने आत नेवो, आधी इकडे या. मोबाइलमध्ये होकायंत्र असतेच, ते उघडून दिशा पक्की करा. या भागात राजा प्रजेला भेटत असे आणि त्याचे दगडी आसन आजही इथे आहे. माझ्या मते संपूर्ण जागेतली सर्वांत मोलाची वस्तू हीच. समोरच्या अंगणात दहा-पंधरा पावले मागे जा, जमिनीवर बसा आणि त्या आसनाकडे पाहा. बसलेल्या माणसाची नजर आणि आसनाची उंची यांचे नाते उभे राहून कळत नाही. दुसऱ्या भेटीत मी इथे अर्धा तास बसलो होतो. भिंतीच्या सांध्यांत वाढलेल्या बोटभर नेच्यांवर ऊन सरकत आले, दवाने काळसर दिसणारा दगड हळूहळू करडा झाला, आणि तोवर न दिसलेल्या आतल्या भिंतींच्या रेषा सावल्यांमुळे एकेक करून उमटत गेल्या. सकाळच्या तिरप्या उन्हातच हे घडते. डोक्यावरच्या उन्हात सावलीच नसल्यामुळे सारे सपाट दिसते आणि 'नुसते दगड' हे मत तयार होते.

*सावधान :* आसनावर बसून फोटो काढू नका आणि मुलांना भिंतींवरून चालू देऊ नका. वरच्या थरातले दगड एका माणसाच्या वजनानेही हलतात. संरक्षित स्मारकाची नासधूस करणे, त्यावर नाव कोरणे किंवा लिहिणे यासाठी कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानगीशिवाय ड्रोन उडवणेही चालत नाही.

(ई) उत्तरेकडचा भाग. हा राजघराण्याचा राहता भाग होता. साध्या माणसाला जिथवर येण्याची मुभा होती, ती सीमा ओलांडून आपण आत जात आहोत हे क्रम पाळला तरच जाणवते. म्हणूनच हा भाग आधी पाहू नये. इथल्या मोकळ्या चौकात दाब ल्हागांगचे अवशेष आहेत. राजकुटुंब आपल्या देवतांची प्रार्थना जिथे करत असे ती ही वास्तू, म्हणजे वाड्यातले देवघर. चौकाच्या चारही कडांनी एकदा सावकाश चालून या आणि दारांच्या मोकळ्या जागा मोजा. कोणती खोली कोणत्या खोलीतून उघडत होती, हे त्यावरून बऱ्यापैकी कळते.

(उ) तीन छोर्तेन. सर्वांत शेवटी इकडे या. आकाश उघडे असेल तर यांच्यामागे उत्तरेला ८,५८६ मीटर उंचीची कांचनजंगा दिसते. शिखर पाहणे हा मुख्य हेतू असेल आणि ढग चढताना दिसत असतील, तर अपवाद म्हणून एकदा आधी इथे येऊन डोंगर पाहून घ्या आणि मग पुन्हा मागे जाऊन क्रम सुरू करा. ढग साधारण नऊ-दहाच्या सुमारास वर येतात. छोर्तेनची तीनदा प्रदक्षिणा करावी, पायऱ्यांवर बसू नये, पताका ओढू नयेत. स्थानिक लोकांसाठी ही आजही पूजेची जागा आहे आणि कांचनजंगा त्यांच्यासाठी देवता आहे.

पूर्वेकडे खोऱ्यापलीकडच्या टेकडीवर ताशिदिंगचा मठ आहे. सकाळी सूर्य त्याच बाजूला असल्यामुळे तो आधी नीट दिसत नाही. ऊन थोडे वर आले की कड्याच्या अंगाला जाऊन पुन्हा पाहावे. कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकू नये. गवताखाली कडा कुठे संपतो ते कळत नाही.

*तपासा :* निघण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. निवाडा कुठे होत असे, घोड्यावरून कुठे उतरत, आणि राजा लोकांना कोणत्या बाजूच्या अंगणात भेटत असे? यांतील एकाचेही उत्तर बोटाने दाखवता आले नाही, तर खात्याचे फलक पुन्हा वाचून ती जागा परत पाहून या. वेळ आहे.

धुके असेल तर

धुक्यात परत फिरणारे पुष्कळ असतात. मी तसे करू नका असे सांगेन. कांचनजंगा दिसणार नाही हे खरे, पण जोती, आसन आणि चौक दहा पावलांवर असतात, ते दिसतात. फक्त क्रमातून (उ) तात्पुरता वगळावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हॉटेलच्या गच्चीवरून डोंगर उघडा दिसला, तर तेवढ्यासाठी परत यावे. दोन रात्रींचा मुक्काम यासाठीच सांगितला. मुसळधार पावसात मात्र वर जाऊ नये. उतरतानाच्या ओल्या फरसबंदीवर पाय मुरगळला, तर माणसाला उचलून खाली आणण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

टप्पा ७ : परतताना पेमयांग्त्से

फाटकातून बाहेर पडल्यावर पेलिंगच्या दिशेने थोडे मागे गेले की पेमयांग्त्सेचा फाटा लागतो. राबडेन्त्सेनंतरच इथे यावे, कारण छोग्यालांना अभिषेक करण्याचा मान या मठातील भिक्षूंकडे होता. रिकामे आसन पाहून आल्यावर त्या अभिषेकाचा अर्थ लागतो, उलट क्रमाने तो लागत नाही. वरच्या मजल्यावर गुरू रिंपोछे (बौद्ध गुरू पद्मसंभव) यांच्या स्वर्गाची लाकडात घडवलेली सात थरांची प्रतिकृती आहे. आत फोटो काढू देत नाहीत. जोडे बाहेर काढावेत, पाठ सुरू असेल तर भिंतीकडेला बसावे.

एक दिवस जास्तीचा असेल तर तो राबडेन्त्सेच्या *आधी* युक्सोमसाठी द्या. पेलिंगहून गाडीने सुमारे दोन तासांवर, युक्सोममधील नोरबुगांग येथे १६४२ च्या अभिषेकाचे दगडी आसन आहे. आदल्या दिवशी ते पाहिलेले असेल, तर दुसऱ्या सकाळी दक्षिणेकडच्या अंगणात बसल्यावर दोन्ही आसने मनात शेजारी येतात. युक्सोमहून संध्याकाळच्या आत पेलिंगला परत यावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे उठायला अडचण येत नाही.

राबडेन्त्से पाहून त्याच दिवशी सिलीगुडीकडे निघायचे असेल, तर गेझिंगच्या जीपची जागा आदल्या दिवशीच राखून ठेवा आणि सामान हॉटेलात बांधून तयार ठेवा. सकाळी फाटक उघडताच आत गेलेला माणूस अकराच्या आसपास अवशेषांवरून खाली उतरतो. तेवढ्या वेळात जेवण उरकून दुपारची गाडी धरता येते, पण पेमयांग्त्से आणि जीप या दोन्हींत घाई होऊ लागली तर पेमयांग्त्से सोडा. अवशेषांवरचा वेळ कापू नका.